गाडी तयार आहे, पण उभी कुठे करायची?

रत्नागिरी आणि आसपास फूड ट्रक काढू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. मांडवीला गाडी लावता येईल का? नगर परिषदेची परवानगी काढली की ती गणपतीपुळ्यालाही चालते का? जत्रेत जागा कोणाकडे मागायची? गाडीचा रंग, मेन्यू आणि नाव यांचा विचार झालेला असतो, बँकेत कर्जाचा अर्जही गेलेला असतो, आणि जागेचा प्रश्न मात्र "बघू, गाडी फिरती तर आहे" म्हणून शेवटी ठेवलेला असतो. तो पहिला घ्या. या धंद्यात पदार्थ बिघडला तर आठवड्याभरात सुधारता येतो. चुकीच्या जागेवर वर्ष निघून जाते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लगेच देऊन टाकतो: नाही, चालत नाही. का नाही, ते पुढे.

आधी जमीन कोणाची ते पाहा

रत्नागिरी शहर लहान आहे. मारुती मंदिरापासून पंधरा-वीस मिनिटे कोणत्याही दिशेला गेलात की हद्द बदलते. भाट्याचा पूल ओलांडला की नगर परिषद संपते आणि भाट्ये ग्रामपंचायत लागते. कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव येथेही ग्रामपंचायतीच आहेत. गिऱ्हाइकाला हा फरक कळत नाही आणि कळायचे कारणही नाही, पण कारवाईची गाडी कोणाची येणार हे त्यावरच ठरते. म्हणून जागा आवडली की भाव विचारण्याआधी मालक विचारा.

- शहरातला रस्ता आणि पदपथ: रत्नागिरी नगर परिषद. वाहतुकीला अडथळा होतो की नाही, हे वाहतूक पोलीस पाहतात.
- गावातला रस्ता, वाडीतले मैदान: ग्रामपंचायत. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा जिल्हा परिषदेचा असेल, तर नुसता सरपंचांचा होकार पुरत नाही.
- राष्ट्रीय महामार्ग: महामार्गाच्या जागेत धंदा लावायला २००२ च्या महामार्ग नियंत्रण कायद्याने मज्जाव आहे. हातखंबा, पाली, निवळी येथे उभे राहायचे तर महामार्गाच्या हद्दीबाहेर खासगी जागा भाड्याने घ्या.
- जेटी आणि बंदर: सागरी मंडळ किंवा मत्स्यव्यवसाय विभाग. मिरकरवाडा बंदरातली अतिक्रमणे जानेवारी २०२५ मध्ये पोलीस बंदोबस्तात हटवली गेली. "इथे तर सगळेच लावतात" या भरवशावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या हाती अशा वेळी काहीच उरत नाही.
- समुद्रकिनारा: येथे किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे नियम लागू होतात. वाळूत गाडी उतरवू नका. दंड तर होतोच, शिवाय भरतीच्या वेळी रुतलेली गाडी ओढून काढायला जेसीबी बोलवावा लागतो.
- देवस्थानाचे आवार: संबंधित संस्थान किंवा देवस्थान समिती.
- खासगी प्लॉट, पेट्रोल पंप, मंगल कार्यालयाची पार्किंग: मालकाशी लेखी करार. नवख्या माणसाला माझा सल्ला सुरुवात इथूनच करण्याचा आहे. भाडे जाते, पण झोप लागते.

भाडेकरार साधा चालेल, पण लेखी हवा. गाडी रोज किती ते किती उभी राहील, पाणी-वीज कोण देणार, कचरा कोण उचलणार आणि मालकाला जागा परत हवी झाली तर किती दिवस आधी सांगायचे, एवढ्या चार गोष्टी त्यात असाव्यात. सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर एकाहून अधिक नावे असतील, तर सगळ्यांची सही घ्या. कोकणात एका जमिनीला किती वाटेकरी असतात हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. त्यांतला मुंबईचा एक जण मे महिन्यात गावी येतो आणि "हे कोणाला विचारून लावले?" असे नेमके तुमचा धंदा रंगात असताना विचारतो.

रस्त्यावर उभे राहण्याचा हक्क किती?

पथविक्रेता कायदा २०१४ मध्ये आला. शहरी भागात नगर पथविक्रेता समिती असणे त्याने बंधनकारक केले. नगर परिषदेत या समितीचे अध्यक्ष मुख्याधिकारी असतात, आणि किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. सर्वेक्षणात नाव आले आणि विक्री प्रमाणपत्र मिळाले की तुमच्या बाजूने पुढील गोष्टी उभ्या राहतात:

- प्रमाणपत्रातल्या जागेवरून हलवायचे तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते.
- माल जप्त केला तर त्याची सही केलेली यादी तुम्हाला मिळाली पाहिजे. तुम्ही मागणी करून ठरलेले शुल्क भरल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल कामकाजाच्या दोन दिवसांत परत मिळाला पाहिजे.
- प्रमाणपत्राच्या अटी पाळून धंदा करत असाल, तर पोलिसांनी किंवा इतर कोणी त्रास देता कामा नये, असे कायदा स्पष्ट म्हणतो.

पण फूड ट्रकवाल्यांनी या कायद्याची दुसरी बाजू वाचलेली नसते. प्रमाणपत्र घेताना हमी द्यावी लागते की धंदा मी स्वतः किंवा माझ्या घरचे माणूस करणार आणि मला उपजीविकेचे दुसरे साधन नाही. प्रमाणपत्र कोणाला भाड्याने देता येत नाही. तुमची नोकरी चालू आहे आणि ट्रकवर दोन मुले पगारावर ठेवणार आहात, तर हा कायदा तुमच्यासाठी नाही. तो हातगाडीवर पोट असणाऱ्यांसाठी झाला, आणि ते योग्यच आहे. अशा वाचकांनी खासगी जागा आणि कार्यक्रम हे दोनच मार्ग धरावेत. शिवाय हे संरक्षण शहरी हद्दीपुरते आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत जी परवानगी मिळेल तिच्या कागदावर जे लिहिले असेल, तेवढाच तुमचा हक्क.

शहरात विक्रीला परवानगी असलेली आणि नसलेली क्षेत्रे कोणती, हे चहाच्या टपरीवर विचारू नका. माहितीच्या अधिकारात नगर परिषदेकडे अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, विषय एकच ठेवायचा, मजकूर १५० शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे, आणि तो कागद पुढे भांडणात उपयोगी पडतो.

शाळेजवळची जागा हेरून ठेवली असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. फ्रेंच फ्राइज आणि कोल्ड्रिंकवर गणित मांडले असेल तर ते तिथेच मोडते.

गर्दी मोजू नका, थांबणारे मोजा

जागा बघायला जाणारे बहुतेक लोक संध्याकाळी एकदा जातात, गर्दी पाहतात आणि खूश होऊन परत येतात. त्याऐवजी तुम्ही एक साधी वही घ्या. एक दिवस कामाचा, एक रविवार, आणि ज्या वेळेला विकणार तीच वेळ. समोरून किती गेले हे लिहू नका. किती थांबले, थांबलेल्यांच्या हातात आधीच काही खायचे होते का, आणि ते किती मिनिटे रेंगाळले, एवढेच लिहा. जयस्तंभावरून दिवसभर माणसांची रीघ असते, पण ती कोर्टात, कचेरीत किंवा एसटी गाठायला निघालेली असतात.

यानंतर तुमच्या तव्याचा हिशेब करा. समजा, घावन-चटणीची एक प्लेट ८० रुपयांना विकता. साहित्य, गॅस आणि प्लेट मिळून ३५ रुपये गेले, तर हातात ४५ राहिले. एका महोत्सवात जागेचे ४,००० रुपये मागितले. दोन मदतनिसांचे १,४०० आणि डिझेल व किरकोळ ९०० धरले, तर झाले ६,३०० रुपये. म्हणजे पदरचे न घालता परत यायला १४० प्लेटा विकल्या पाहिजेत. आता एक घावन तव्यावरून उतरायला चार मिनिटे लागतात आणि तुमच्याकडे दोन तवे आहेत. तासाला ३० प्लेटा. १४० प्लेटांना साडेचार तासांहून जास्त वेळ लागेल. गर्दी जेमतेम दोन तासांची असेल, तर समोर हजार माणसे उभी असली तरी तुम्ही तोट्यातच घरी जाणार.

हा हिशेब केला की जागा आणि मेन्यू एकमेकांना जोडलेले आहेत हे कळते. सावरकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेचा प्रयोग असेल, तर मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचे. तिथे तळून तयार असलेला बटाटावडा, चहा आणि कोकम सरबत खपते. घावन तिथे नेऊ नका. तेच घावन सकाळी आठ ते अकरा भाट्याच्या सुरूबनाजवळ, पर्यटक निवांत बसलेले असताना हातोहात जाते.

काही ठिकाणे आणि माझे मत

*मांडवी.* सूर्यास्ताच्या आधी-नंतर गर्दी हमखास. पण भेळ, पाणीपुरी, आइस्क्रीम यांच्या गाड्या तिथे कित्येक वर्षांपासून आहेत आणि त्यांची गिऱ्हाइके बांधलेली आहेत. रस्ता टोकाला अरुंद होतो, मोठा ट्रक वळवताना सगळे खोळंबतात. तिथे एकही गाडी देत नाही असे काही असेल, म्हणजे तव्यावरचे बोंबील किंवा कोळंबीचा रस्सा-भात, तर जवळची खासगी जागा शोधा. पाणीपुरी घेऊन जाऊ नका. गिऱ्हाईक मिळणार नाही आणि शेजारी मात्र दुखावतील.

*मारुती मंदिर आणि शिवाजी स्टेडियमचा परिसर.* स्थानिकांची सगळ्यात चांगली गर्दी इथेच. वर्षभर येतात, पावसातही येतात. पण वाहतुकीची कटकट निघाली की पहिला बडगा इथेच पडतो. आतल्या बाजूला एखाद्या दुकानदाराची पुढची मोकळी जागा संध्याकाळपुरती मिळाली तर सोडू नका.

*साळवी स्टॉप, कुवारबाव, एमआयडीसी.* दिसायला रुक्ष, पण सोमवार ते शनिवार पोट भरणारा पट्टा हाच. कारखान्यांतले कामगार, अभियांत्रिकीची मुले, रेल्वे स्टेशनकडे जाणारे. त्यांना नवलाई नको असते. पन्नास-साठ रुपयांत पोट भरेल असे, वेळेवर आणि रोज तिथेच मिळणारे हवे असते. माझ्या मते रत्नागिरीत फूड ट्रकचा आठवड्याचा कायमचा ठिय्या इथे असावा आणि बाकी ठिकाणे शनिवार-रविवारसाठी ठेवावीत. स्टेशनच्या आवारात मात्र शिरू नका. तिथले खानपान रेल्वेच्या ठेक्यावर चालते.

*थिबा पॉइंट.* जिजामाता उद्यानाकडे संध्याकाळी फिरायला येणारे बहुतेक घरचे जेवण जेवणारे. चहा, सूप, मक्याचे कणीस यापलीकडे फारसे जात नाही.

*आरे-वारे.* फोटो काढायला प्रत्येक गाडी थांबते, पण दहा मिनिटेच. नारळपाणी, आवळा सरबत, मे महिन्यात हापूसचा रस ठीक. थाळी नको. राज्याच्या २०२० च्या बीच शॅक धोरणात रत्नागिरी जिल्ह्यातून गुहागर आणि आरे-वारे यांची निवड झाली होती आणि त्यात स्थानिकांना प्राधान्य होते. तिथे जायचे तर त्या धोरणाखाली आज काय चालू आहे, हे पर्यटन विभागाकडून लेखी घ्या.

*गणपतीपुळे.* अंगारकीला आणि माघी गणेश जयंतीला गर्दीला तोटा नसतो. शाकाहारीच न्या, आणि मोदक विकणार असाल तर सकाळीच. मंदिराजवळचे रस्ते अशा दिवशी वाहनांना बंद होतात, त्यामुळे आदल्या रात्री जागेवर पोहोचा किंवा पार्किंगजवळची खासगी जागा धरा. लोक परत गाडीपाशी येतात तेव्हा भुकेलेले असतात. देवळाच्या दारातल्या जागेपेक्षा ही जागा चांगली, आणि स्वस्तही.

*हातखंबा.* महामार्गाचे चौपदरीकरण झाले की जुना फाटा तसाच राहत नाही. कुठे उड्डाणपूल, कुठे सेवा रस्ता, आणि गाड्या वरून निघून जातात. करार एका वर्षाहून जास्त करू नका.

कार्यक्रमांचे पंचांग

हॉटेलवाल्याला गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागते, तुम्हाला नाही. हाच काय तो तुमचा फायदा, म्हणून भिंतीवर कालनिर्णय लावा आणि त्यावर खुणा करा.

जानेवारीत थिबा पॅलेसच्या आवारात आर्ट सर्कलचा कला-संगीत महोत्सव असतो. रसिक श्रोता खर्च करतो, पण त्याला तळणीचा वास आणि जनरेटरचा आवाज अजिबात चालत नाही. आयोजकांना बोलताना आधी हेच सांगा. संक्रांतीला देवरुखजवळ मार्लेश्वरची यात्रा, देवाच्या लग्नाची. गाडी पायथ्यापर्यंतच जाते, तेव्हा पायऱ्या उतरून आलेल्या दमलेल्या माणसाला काय हवे असेल ते ठरवा. मला विचाराल तर गरम उसळ-पाव आणि लिंबू सरबत.

फाल्गुनात शिमगा. शहरात बारा वाड्यांच्या श्रीदेव भैरीची पालखी, झाडगावची सहाण, आणि गावोगाव रात्रभर ढोल. इथे जागा नगर परिषदेकडून मिळत नाही. मानकरी आणि गावकर ठरवतील तिथे, ठरवतील तेवढ्या वेळात. पालखीच्या वाटेवर गाडी लावू नका, हे कोणी सांगायची वेळ येऊ देऊ नका. याच दिवसांत आणि पुढे मेपर्यंत टेनिस बॉल क्रिकेटच्या रात्रीच्या स्पर्धा, कबड्डी आणि नमनाचे प्रयोग चालतात. बाहेरच्या लोकांना याची कल्पना नसते, पण फूड ट्रकसाठी यापेक्षा चांगला कार्यक्रम नाही: प्रेक्षक पाच-सहा तास बसून, जवळ हॉटेल नाही, आणि रात्री अकरानंतर पुन्हा भूक. मंडळाचे कार्यकर्ते शोधा, दोन-तीन स्पर्धा नीट सांभाळा, पुढचे आमंत्रण आपोआप येते.

एप्रिल-मे सुट्टीचा. पैसे याच दोन महिन्यांत होतात, पाणीही याच दोन महिन्यांत संपते. टँकरचा खर्च धरून चाला.

पाऊस लागला की पर्यटक कमी आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मासळीवर उभा केलेला मेन्यू या काळात चालणार नाही, श्रावणात तर मुळीच नाही. पर्याय: कुवारबावच्या ठिय्यावर गरम भजी, मिसळ, आणि जुलै-ऑगस्टमध्ये संगमेश्वर-लांजा भागातल्या चिखल नांगरणी स्पर्धा. गणपतीत चाकरमानी महामार्गावर रात्र-रात्र अडकतात. तेव्हा पाली-हातखंबा पट्ट्यात खासगी जागेवर चहा, पोहे, उपीट रात्रभर विकले जाते. घरी पोहोचल्यावर मात्र आठवडाभर ते बाहेर खात नाहीत. विसर्जन झाले की पुन्हा वडे-सागुतीला मागणी.

काही गोष्टी पंचांगात सापडत नाहीत. राजापूरला उन्हाळे गावी गंगा आली की बातमी एका दिवसात पसरते आणि लोक लोटतात. अशा वेळी ज्याची गाडी, भांडी आणि कागद तयार, तोच पोहोचतो.

जागेची पावती फाडण्यापूर्वी

महोत्सवाच्या आयोजकांना हे प्रश्न विचारा आणि उत्तरे व्हॉट्सअॅपवर तरी लेखी घ्या:

- खाण्याचे एकूण किती स्टॉल? माझ्याच पदार्थाचा दुसरा कोणी आहे का?
- नकाशावर माझी जागा नेमकी कुठे? "तिकडे कोपऱ्यात देऊ" हे उत्तर नाही.
- आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ काय? गर्दी पांगेपर्यंत गाडी आतच अडकणार का?
- वीज किती, पाणी आहे का, सांडपाणी आणि उष्टे कुठे टाकायचे?
- पाऊस पडला, परवानगी नाकारली, कार्यक्रम रद्द झाला, तर पैसे परत किती आणि कधी?
- गेल्या वर्षी कोणी स्टॉल लावला होता? त्याचा नंबर द्या. आयोजक हा नंबर द्यायला टाळाटाळ करू लागला तर तिथेच थांबा.

"देणगी" म्हणून फाडलेल्या पावतीवर जागेचा उल्लेख नसतो, आणि मग जागेसाठी भांडताही येत नाही. पावतीवर "स्टॉल भाडे" आणि तारीख लिहून घ्या.

आणि एक टेप घेऊन जा. गाडीची छतापर्यंतची उंची, वर बसवलेल्या पंख्याच्या धुराड्यासह, पाठ असू द्या. उत्सवाच्या कमानी, वाडीतल्या लोंबत्या तारा आणि माडाची वाकलेली झावळी या तिन्हींखालून ती गेली पाहिजे. कित्येक मंदिरांकडे जाणारी वाट म्हणजे चिऱ्याची पाखाडी असते. तिथे ट्रकचे काही काम नाही, टेबल आणि डबे उचलून न्यायची तयारी हवी.

कागद, थोडक्यात

जागा कोणतीही असो, हे गाडीत हवेतच: अन्नसुरक्षा नोंदणी किंवा परवाना (उलाढालीप्रमाणे; अर्ज फॉसकॉस पोर्टलवर; १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात), काम करणाऱ्यांचे वैद्यकीय प्रमाणपत्र, पिण्याच्या पाण्याचा तपासणी अहवाल, अग्निशामक नळकांडे. गॅस १९ किलोचा व्यावसायिकच वापरा. घरगुती सिलिंडर सापडला तर तो जप्त होतो आणि अपघात झाल्यास विमा हात वर करतो. वाहनात बदल करण्याआधी उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाची मंजुरी घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार ती लागते, आणि नोंदणी पुस्तकात बदल चढला नसेल तर विम्याचा कागद नावालाच उरतो. थर्माकोलच्या प्लेटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. सुपारीच्या विरीच्या प्लेटा इथेच मिळतात, त्या घ्या.

गाडीची ऑर्डर अजून दिली नसेल तर थोडे थांबा. आधी महिनाभर टेबल, छत्री आणि एक शेगडी घेऊन मंडळाच्या स्पर्धेत, मंगल कार्यालयाच्या आवारात किंवा एमआयडीसीतल्या खासगी जागेवर विकून पाहा. नोंदणी मात्र त्यासाठीही लागते. ज्या जागांवर वहीतला हिशेब जमला त्या जागांचे रस्ते, वळणे आणि कमानी मोजा, आणि त्यांत बसेल एवढ्याच मापाची गाडी बांधायला टाका.